कामावर येण्या-जाण्याचे इंग्रजी

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी विद्वानांनी बोलावे आणि गावाने ऐकावे असा प्रघात महाराष्ट्रात पडला. आम्ही विद्वान नव्हे. आमचे शाळेतले शिक्षण नववीत आटोपले. पुढचे शिक्षण कारखान्याच्या दारात, युनियनच्या कचेरीत आणि विरार-बोईसर गाडीत झाले. तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालेचे जुने भाग आम्ही रद्दीच्या दुकानातून वजनावर विकत घेतले होते, आणि रात्रपाळीच्या चहाच्या सुट्टीत ते उघडून बसत असू. तेव्हा आज इंग्रजीवर बोलण्याचा आमचा अधिकार एवढाच की, ती भाषा शिकताना ज्या ज्या खड्ड्यांत पडता येते त्या बहुतेक सर्व खड्ड्यांत आम्ही पडून आलो आहोत.

विषय ऐकून काही मंडळींना हसू आले असेल. कामगारांच्या कार्यकर्त्याने महागाईवर बोलावे, कंत्राटी पद्धतीवर बोलावे. ‘तुम्ही कामावर कसे येता?’ एवढ्या साध्या इंग्रजी संभाषणावर तास घालवण्याजोगे काय आहे? एके काळी आम्हीही असेच म्हटले असते. आमचे मत बदलण्याला एक कागद कारण झाला. प्रथम त्या कागदाची हकीकत सांगतो.

सुमारे दहा-बारा वर्षांमागची गोष्ट. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटदाराकडे काम करणारा एक तरुण सकाळच्या पाळीसाठी बोईसरला गाडीतून उतरला आणि बाजारातल्या रस्त्याने कारखान्याकडे निघाला. वाटेत टेम्पोने धडक दिली. मांडीचे हाड मोडले. दोन दिवसांनी कंत्राटदाराचा कारकून अपघाताचा छापील अर्ज घेऊन इस्पितळात आला. अर्ज इंग्रजीत होता. अपघात कसा झाला, या प्रश्नाला आमचा गडी मराठीत म्हणाला, “बाजारातून कामावर चाललो होतो, तिथे झाला.” कारकुनाने इंग्रजीत लिहिले, ‘ही वेंट टु मार्केट.’ म्हणजे, तो बाजारात गेला. लिहिलेले त्याने वाचूनही दाखवले. गड्याला त्यातला ‘मार्केट’ हा एकच शब्द समजला. तो शब्द बरोबर होता, म्हणून त्याने मान डोलावली आणि सही केली.

पुढचे सांगताना आम्हांस आजही संकोच वाटतो. तो कागद पुढे जाण्यापूर्वी आमच्या हातात आला होता. आम्ही तो वाचला. आमच्या इंग्रजीचा आम्हांस त्या काळी थोडा अभिमानही होता. पण त्या वाक्यात आम्हांस काही वावगे दिसले नाही. बाजारात होताच की तो! कागद गेला, आणि काही आठवड्यांनी उत्तर आले की, कामगार खाजगी कामासाठी बाजारात गेला असता अपघात झाला, सबब हा कामाशी संबंधित अपघात मानता येत नाही.

या उत्तराने किती फरक पडतो ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. राज्य कामगार विमा योजना, जिला आपण ईएसआय म्हणतो, तिच्या नियमांप्रमाणे कामाशी संबंधित दुखापत झाली तर अंग बरे होईपर्यंत सरासरी रोजाच्या सुमारे ९० टक्के भत्ता मिळतो. तीच दुखापत घरगुती ठरली तर ते साधे आजारपण; त्याला ७० टक्के, आणि तेही वर्षातून जास्तीत जास्त ९१ दिवस. मांडीचे हाड ९१ दिवसांत कामाला लागत नाही. ती चूक दुरुस्त करायला अकरा महिने गेले. खिशातला मासिक पास, त्याच डब्यातून उतरलेल्या दोघा सोबत्यांचे जबाब, त्या दिवशीच्या पाळीचा तक्ता, असे एकेक जमवून अखेर दुरुस्ती झाली. पण त्या अकरा महिन्यांत त्याच्या दारची म्हैस गेली आणि त्याच्या कारभारणीच्या कानांतले गेले. ते परत आले नाहीत.

त्या कागदावर जे वाक्य असावयास हवे होते ते असे: ‘आय वॉज ऑन माय वे टु वर्क.’ मी कामाच्या वाटेवर होतो. एवढे एक वाक्य त्या गड्याला बोलता आले असते, किंवा कारकुनाने चुकीचे वाचून दाखवले तेव्हा त्याच्या कानाला खटकले असते, तर पुढचे सारे टळले असते. त्याच महिन्यात आम्ही युनियनच्या खोलीत रविवारी सकाळी इंग्रजी संभाषणाचा वर्ग सुरू केला. ज्या रविवारच्या सुट्टीत तो वर्ग भरतो, ती सुट्टीसुद्धा आपोआप आलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि अर्ज-विनंत्या-सभा करीत १० जून १८९० रोजी ती मिळवली. अर्ज नीट लिहिला गेला पाहिजे, ही शिकवण आम्हांस तेथपासूनची आहे.

आता कायद्याविषयी थोडे, कारण त्याच्याशी या इंग्रजीचा सांधा आहे. घर ते काम आणि काम ते घर या वाटेवरचा अपघात कामाचा मानावा की नाही, यावर फार वर्षे वाद चालत असे. ईएसआयच्या कायद्यात २०१० साली एक कलम घातले गेले. त्याचा आशय असा की, कामावर जाताना किंवा काम संपवून परतताना झालेला अपघात हा नोकरीच्या ओघात झालेला मानावा. मात्र त्या अपघाताची परिस्थिती, वेळ आणि जागा यांचा नोकरीशी दुवा दिसला पाहिजे. ज्यांना ईएसआय लागू नाही त्यांच्यासाठी १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा होता; त्यात असे स्पष्ट कलम नव्हते. महाराष्ट्रातल्याच एका साखर कारखान्याचा रखवालदार २००३ साली पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून निघाला असता कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात दगावला. त्याच्या घरच्यांचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २९ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने सांगितले की, तसा दुवा सिद्ध झाला तर वाटेवरचा अपघातही नोकरीच्या ओघातलाच होय. बावीस वर्षे लागली. पुढे २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२०, अमलात आली. वाटेवरच्या अपघाताची तरतूद तिच्यातही आहे.

परिस्थिती, वेळ आणि जागा हे तीन शब्द लक्षात ठेवा. कसा येत होतो, किती वाजता, आणि कोठे. जगात कोठेही दोन नोकरदार माणसे भेटली की त्यांचे पहिले संभाषण याच तीन गोष्टींवर होते. तुम्ही राहता कुठे? येता कसे? वेळ किती लागतो? जे बोलणे ओळखीसाठी आहे तेच बोलणे अडचणीच्या वेळी साक्षीच्या उपयोगी पडते. म्हणून आमच्या वर्गात आम्ही राणीच्या राजवाड्याचे आणि डॅफोडिलच्या फुलांचे धडे बाजूला ठेवले, आणि सुरुवात रोजच्या वाटेपासून केली.

या रोजच्या जाण्या-येण्याला आपल्या पट्ट्यात ‘अप-डाउन करणे’ म्हणतात. शब्द रेल्वेचा आहे. आमच्या पश्चिम रेल्वेवर चर्चगेटकडे जाणारी गाडी अप आणि चर्चगेटकडून दूर जाणारी डाउन. पण बाहेरच्या माणसाला ‘आय डू अप-डाउन’ असे सांगितले तर तो बिचारा जिना शोधील. त्याचा शब्द आहे ‘कम्यूट’. या शब्दाची गोष्ट मोठी गमतीची आहे, आणि समोर बसलेल्या निवृत्त मंडळींना ती चटकन समजेल. पेन्शनचा काही भाग एकरकमी घेतला की त्याला आपण कम्युटेशन म्हणतो. फाशीची जन्मठेप झाली तरी इंग्रजीत हेच क्रियापद येते. मूळ अर्थ बदलून घेणे, एकाच्या जागी दुसरे करणे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत आगगाड्या सुरू झाल्यावर रोजच्या रोज तिकीट काढण्याऐवजी एकदम सवलतीची रक्कम भरून जे तिकीट मिळे, त्याला ‘कम्युटेशन तिकीट’ म्हणू लागले. ते बाळगणारा तो ‘कम्यूटर’, आणि पुढे त्याचे जाणे-येणे म्हणजे ‘कम्यूट’. तेव्हा, श्रोतेहो, कम्यूटर याचा शब्दशः अर्थ ‘पासवाला’ असा आहे. आपल्या डब्यात तो शब्द रोज उच्चारला जातो, फक्त मराठीत.

आमच्या भागात पासवाले पूर्वीपासून आहेत. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली लोकल धावली. उपनगरी लोकल विरार ओलांडून डहाणू रोडपर्यंत यायला मात्र २०१३ साल उजाडले. मधल्या दीडशे वर्षांजवळच्या काळात सफाळे, केळवे रोड, पालघर, बोईसर, वाणगावची माणसे शटलने आणि मिळेल त्या गाडीने जात होती. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले. त्याच्या उभारणीसाठी अमेरिकन तंत्रज्ञ येथे येऊन राहिले, तेव्हा आमच्या आधीच्या पिढीच्या कानांवर खऱ्या साहेबाचे इंग्रजी प्रथम पडले. पुढे बोईसरजवळ औद्योगिक वसाहत वाढली, रसायनांचे, कापडाचे, पोलादाचे कारखाने आले, आणि उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, गुजरात येथून माणसे आली. आज कारखान्याच्या जमिनीवर हिंदी चालते, घरी वाडवळी, मांगेली, वारली चालते. पण कागद मात्र बहुधा इंग्रजीत येतो. भाकरी ज्या कागदावर अवलंबून आहे तो आपल्याला वाचता-बोलता येऊ नये, ही स्थिती बरी नव्हे.

आता प्रत्यक्ष भाषेकडे वळू. मराठी माणसाचे इंग्रजी कोठे अडते? आमच्या अनुभवाने, ते मराठीच्या सवयीने अडते. आपली भाषा वाईट म्हणून नव्हे. ती निराळ्या रीतीने विचार करते म्हणून.

पहिला खड्डा ‘येतो’चा. कामावरून निघताना आपण साहेबाला म्हणतो, “येतो.” जातो म्हणणे अशुभ. याचे सरळ भाषांतर करून ‘आय कम’ म्हटले की साहेब विचारतो, कोठे येतोस? तेथे ‘आय अ‍ॅम लीव्हिंग’ म्हणावयास हवे. फोनवर आपण म्हणतो, “आलोच!” व्याकरणाने भूतकाळ, वस्तुस्थितीने अजून चप्पल पायात नाही. मराठी माणसांत हे खोटे नाही, रीत आहे. इंग्रजीत ‘आय केम’ म्हटले तर तो खोटे बोलल्यासारखे होते, कारण पलीकडचा माणूस दारात पाहू लागतो. “आलोच”ला इंग्रजी आहे ‘आय अ‍ॅम ऑन माय वे.’ पाहा, पुन्हा तेच शब्द आले. आणि जो रोज येतो त्याने ‘आय अ‍ॅम कमिंग डेली’ म्हणू नये. मराठीतल्या ‘येत असतो’मुळे ती चूक होते. रोजची गोष्ट असेल तर ‘आय कम’, आत्ता घडत असेल तर ‘आय अ‍ॅम कमिंग’, आणि त्या वेळी चालू होती असे सांगायचे असेल तर ‘आय वॉज कमिंग’. अपघाताच्या जबाबात हा तिसरा प्रकार सोन्याच्या मोलाचा आहे.

दुसरा खड्डा ‘गाडी चुकली’ हा. मराठीत आपण म्हणतो, “माझी गाडी चुकली.” वाक्यात चुकते ती गाडी, माणूस बाजूला उभा. इंग्रजीत ‘आय मिस्ड द ट्रेन’. येथे कर्ता माणूस, आणि चूक त्याच्या माथी. आता पाहा, गाडी वीस मिनिटे उशिरा आली आणि फाटकावर पाळी चुकली. “का उशीर झाला?” असे विचारताच आपला गडी मराठीच्या सवयीने ‘मिस ट्रेन’ एवढेच म्हणतो. त्याच्या मनात असते, गाडीने घोटाळा केला. ऐकणाऱ्याच्या कानात पडते, हा घरून उशिरा निघाला. हजेरीपुस्तकात तसा शेरा येतो, आणि असे तीन शेरे झाले की कारणे दाखवा नोटीस येते. तीन वाक्ये निरनिराळी ठेवली पाहिजेत. ‘द ट्रेन वॉज लेट’, गाडीला उशीर झाला. ‘द ट्रेन वॉज कॅन्सल्ड’, गाडी रद्द झाली. ‘आय मिस्ड द ट्रेन’, मी वेळेवर पोचलो नाही. जे खरे असेल ते सांगावे. पण गाडीचा दोष आपल्या अंगावर घेण्याइतके उदार होऊ नये.

तिसरी गोष्ट ‘लागतो’ची. “मला दीड तास लागतो” याचे इंग्रजी करताना चांगली शिकलेली मुलेही घुटमळतात, कारण ‘मला’पासून वाक्य सुरू करावेसे वाटते. इंग्रजी वाक्य असे आहे: ‘इट टेक्स मी अ‍ॅन आवर अँड अ हाफ.’ यातले ‘इट’ कोण? कोणीच नाही. इंग्रजी वाक्याला कर्त्याची जागा रिकामी ठेवलेली चालत नाही, म्हणून तेथे एक बदली कामगार उभा करतात. मुख्य गडी नसला तरी यंत्रावर कोणी तरी दिसले पाहिजे, तसे. आमच्या वर्गात हे बदलीचे उदाहरण दिल्यापासून कोणी ‘इट’ विसरलेला नाही.

चौथी, ‘पर्यंत’ची. मराठीत ‘सातपर्यंत या’ आणि ‘सातपर्यंत थांबा’ या दोन्हींत एकच ‘पर्यंत’. इंग्रजीत दोन शब्द. ‘कम बाय सेव्हन’ म्हणजे सातच्या आत या. ‘वेट टिल सेव्हन’ म्हणजे सात वाजेतो थांबून राहा. रसायनाच्या कारखान्यात झडप सातच्या आत बंद करायची की सात वाजेतो उघडी ठेवायची, यात केवढे अंतर आहे ते सांगावयास नको.

पाचवी गोष्ट वाहनांची. वाहनाचा प्रकार सांगताना ‘बाय’: ‘बाय ट्रेन’, ‘बाय बस’, ‘बाय रिक्षा’, मध्ये ‘अ’ किंवा ‘द’ घालू नये. पायी मात्र ‘ऑन फुट’. ज्यात उभे राहून वावरता येते किंवा ज्यावर टांग टाकावी लागते, त्यावर माणूस ‘ऑन’ असतो: आगगाडी, बस, सायकल. ज्यात वाकून शिरावे लागते त्यात ‘इन’: मोटार, रिक्षा. चढणे ‘गेट ऑन’, उतरणे ‘गेट ऑफ’. आपल्याकडे ‘गेट डाउन’ म्हणतात. भारतभर ते सर्वांना समजते, आणि त्यासाठी कोणी कोणाला हसण्याचे कारण नाही. फक्त परदेशी माणसाशी बोलताना ‘गेट ऑफ’ म्हणावे.

सहावी गोष्ट उच्चाराची. ‘लिव्ह’ ह्रस्व म्हणाल तर राहणे. ‘लीव्ह’ दीर्घ म्हणाल तर निघणे, आणि रजा हाही त्याचाच अर्थ. ‘आय लिव्ह इन पालघर. आय लीव्ह होम अ‍ॅट सिक्स.’ मी पालघरला राहतो, घरून सहाला निघतो. लिहिताना आपण ह्रस्व-दीर्घाच्या चुकांबद्दल मुलांना छड्या मारल्या, बोलताना मात्र तो भेद ठेवला नाही. इंग्रजीत तो ठेवावाच लागतो. तसेच ‘वॉक’ आणि ‘वर्क’. एक चालणे, दुसरे काम. ‘आय वॉक टु वर्क’, मी चालत कामाला जातो, हे वाक्य दहा वेळा मोठ्याने म्हणावे; जीभ आपोआप वळते.

सातवी आणि आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अदबीची. मराठीत अदब क्रियापदात असते. ‘सांग’ आणि ‘सांगा’ यांत सारा मान सामावतो. इंग्रजी क्रियापदाला तो कानाच नाही. म्हणून ‘सांगा’ म्हणून आदराने काढलेला शब्द ‘टेल मी’ झाला की हुकमासारखा वाटतो, आणि आमचा गरीब गडी उद्धट ठरतो. इंग्रजीत अदब निराळ्या शब्दांत ठेवावी लागते: ‘एक्सक्यूज मी’, ‘प्लीज’, ‘कुड यू टेल मी’. हे तीन शब्दप्रयोग पाठ केले की निम्मे इंग्रजी आले म्हणावयास हरकत नाही. पण त्याची दुसरी बाजूही पाहा. मालकाला ‘यू’ आणि झाडूवाल्यालाही ‘यू’. ज्या भाषेत साहेब आपल्याला अरे-तुरे करूच शकत नाही, ती भाषा कामगाराने शिकून घ्यायला काय हरकत आहे?

शिकावे कसे, हे आता थोडक्यात. आमच्या लोकांना घरी वेळ नाही. वेळ आहे तो गाडीत. विरारहून बोईसरला येताना वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी आणि बोईसर अशी सहा स्टेशने लागतात. आम्ही सहा प्रश्न ठरवले. विरार सुटले की पहिला, ‘व्हेअर डू यू लिव्ह?’ वैतरणा सुटले की दुसरा, ‘हाउ डू यू कम टु वर्क?’ सफाळ्यानंतर ‘व्हॉट टाइम डू यू लीव्ह होम?’ केळवे रोडनंतर ‘हाउ लाँग डज इट टेक?’ पालघरनंतर ‘वॉज द ट्रेन ऑन टाइम टुडे?’ आणि उमरोळीनंतर ‘व्हेअर वेअर यू अ‍ॅट सेव्हन ओ’क्लॉक?’ शेवटचा प्रश्न भूतकाळाचा, जबाबाच्या तयारीचा. एकाने विचारायचे, दुसऱ्याने उत्तर द्यायचे, परतीच्या गाडीत पाळी उलट. पहिल्या आठवड्यात डब्यातले लोक हसले. तिसऱ्या आठवड्यात हसणाऱ्यांतला एक जण सरकून जवळ बसला आणि म्हणाला, “मलाही विचारा की.”

उत्तर पाठ केलेले नसावे, स्वतःचे असावे, एवढा एक नियम आम्ही ठेवला. पुस्तकातला जॉन लंडनच्या बसने कचेरीत जातो. आमचा गडी माहीमहून सहा आसनी रिक्षाने पालघरला येतो, मग गाडी धरतो, आणि बोईसरला उतरून चालतो. हे जॉनच्या तोंडी कधी येणार नाही. स्वतःच्या वाटेचे इंग्रजी स्वतःच घडवले पाहिजे. एकदा ते घडले की ते विसरत नाही, कारण वाट रोज पायाखाली असते.

आता कोणी म्हणेल, मराठी राज्यात इंग्रजीची ही भलामण कशाला? हा प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे की, दोन्ही कामे बरोबरीने करावी. १९४८ च्या कारखाने कायद्यातच म्हटले होते की, कारखान्यात लावावयाच्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असाव्यात. महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियमही १९६४ चा आहे. तेव्हा अपघाताचा अर्ज, नोटीस, कराराचा कागद कामगाराच्या भाषेत मिळालाच पाहिजे, ही मागणी आम्ही सोडलेली नाही. पण मागणी मान्य होईपर्यंत माणसाने इस्पितळाच्या खाटेवर न समजलेल्या कागदावर सही करीत राहावे काय? या जिल्ह्याने न समजलेल्या कागदावरच्या अंगठ्यांचे मोल पूर्वी चुकवले आहे. १९४५ साली झरी येथे जमून वारल्यांनी वेठबिगार नाकारली, तेव्हा त्या अंगठ्यांचाच जाब ते विचारत होते. अंगठ्याची सही झाली, ही प्रगती खरी. पण सही करणाऱ्याला वरचा मजकूर कळला नाही तर सही आणि अंगठा यांत फरक तो काय?

इंग्रजीने गाडी वेळेवर येत नाही, पगार वाढत नाही, आणि कंत्राटी माणूस कायम होत नाही, हेही आम्ही वर्गात पहिल्याच दिवशी सांगतो. तिच्याने एवढेच होते की, आपण कोठे होतो, केव्हा होतो आणि कशासाठी होतो, हे आपल्या तोंडाने सांगता येते, आणि दुसऱ्याने चुकीचे लिहिले तर “थांबा, असे नाही” म्हणता येते. आम्हांस ते त्या दिवशी म्हणता आले नाही, म्हणून आज बोलत आहोत.

शेवटी एक विनंती. या सभेत निवृत्त शिक्षक आहेत, बँकेतली, रेल्वेतली, वीज केंद्रातली मंडळी आहेत. आमच्या वर्गाला पुस्तके नकोत, देणगी नको. गड्यांना एकमेकांशी बोलण्याचा सराव होतो, पण खुर्चीत बसून प्रश्न विचारणाऱ्या अनोळखी माणसापुढे त्यांची जीभ टाळ्याला चिकटते. तेव्हा रविवारी सकाळी तासभर कोणी तरी येऊन त्या खुर्चीत बसावे, चष्मा पुढे सरकवून साहेबासारखे विचारावे, ‘व्हेअर वेअर यू गोइंग?’ आणि उत्तर येईपर्यंत न हसता थांबावे. पहिल्या रांगेत उत्तर द्यायला तोच गडी बसतो, ज्याच्या कागदाची हकीकत आम्ही आरंभी सांगितली. थोडा लंगडतो, पण वर्ग चुकवीत नाही.